नव्याचे बोलावणे

इब्रामपूर, पेडणे
९ जुलै

चि. गोकुळदास यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तू, सौ. स्नेहा आणि अंकिता पर्वरीला खुशाल आहात असे धरून चालते. विचारणार कसे? फोन केला की तू "हां अक्का, हां" म्हणतोस आणि फोन स्नेहाच्या हातात देतोस. ती बिचारी मला पाऊस विचारते. तिथेही तोच पाऊस पडतो, पण विचारते. म्हणून म्हटले, सरळ लिहावेच. पत्र लिहिताना तरी मध्येच कुणी "जरा थांब हां" म्हणत नाही.

इथली खबर अशी. गाय विकली, माझ्याने आता गवताचे भारे होत नाहीत. मागच्या पडवीची चार कौले माकडांनी फोडली. आणि मळ्यातले आपले भाताचे दोन्ही कुणगे लावून झाले. गावच्या पोरी आता चिखलात पाय घालत नाहीत, म्हणून तुयेला बांधकामावर असलेली बेळगावकडची शेवंता आणि तिच्या दोघी मैत्रिणी कामावरून सुटी घेऊन आल्या. चांगल्या बायका. हात असा चालतो की मला मागे पडायची लाज वाटली.

मे महिन्यात तू आलास ते अजून मनात आहे. आंबे खायला म्हणून आलास आणि भर उन्हात मळ्यात उतरून ढेकळांतून चाललास. मोबाइलवर शेताचे किती फोटो काढलेस! मला फार बरे वाटले रे. म्हटले, नोकरीतून सुटल्यावर का होईना, ह्याला माती आठवली.

आता एक गंमत ऐक. गेल्या मंगळवारी आम्ही लावणीत होतो. बांधाकडे गाडी थांबली. आपला श्रीनाथ उतरला. तोच, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि आता जागांची दलाली करतो. बरोबर दिल्लीकडचा एक गृहस्थ. पायात पांढरेशुभ्र बूट, पेडण्यात, जुलै महिन्यात! त्याने मळ्यावरून नजर फिरवली आणि विचारले, "वो खाली ज़मीन किधर है?" श्रीनाथने बोट केले ते थेट माझ्याकडे.

"अक्का, तुमी हय काय करतास?" मलाच विचारतो!

"लावणी करतंय मेल्या. तू काय करतंस?"

शेवंता चिखलातच बसली हसून हसून. श्रीनाथ मात्र हसला नाही. घसरत घसरत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला की ह्या जमिनीचे कागद गोकुळदासभाऊंनीच दिलेत. ही जमीन पाच वर्षे पडीक आहे असे त्यांनी पणजीला लिहून दिले आहे. तसे दाखवले की शेतीची जागा घरांसाठी करून मिळणे सोपे जाते म्हणे. "अक्का, तुमी काय पण लावा," म्हणाला, "कागदार ती पडीकच आसा."

मी त्याला वेड्यात काढले. म्हटले, अरे, बाबा गेल्यावर ह्या शेतावर आम्हा भावंडांची दोघांची नावे लागली, आपल्या गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. पण कृषी कार्ड गोकुळने एकट्याच्या नावावर केले, कारण कचेऱ्यांच्या पायऱ्या मला झेपायच्या नाहीत असे त्याचे म्हणणे. भाताची सबसिडी त्याच्या खात्यात जाते. दर वर्षी तो लिहून देतो की हे शेत मी कसतो, ह्या वर्षीही देऊन आला. मग जो माणूस एका कचेरीत "मी भात पिकवतो" म्हणून सरकारचे पैसे घेतो, तोच दुसऱ्या कचेरीत "इथे काही पिकत नाही" असे लिहील? वेडा आहे काय आमचा गोकुळ? असे त्याला सगळ्यांदेखत सुनावले. दिल्लीवाल्याला काही कळले नाही. तो बुटाकडे बघत होता.

तरी पण एक ओळ लिहून कळव, की श्रीनाथ खोटे बोलला. एकच ओळ. बाकीचा कागद कोरा ठेवलास तरी मला चालेल.

तुझी
अक्का


इब्रामपूर
४ सप्टेंबर

गोकुळदास,

आशीर्वाद आहेतच, ते काही परत मागून घेता येत नाहीत.

तुझी ओळ आली नाही. चवथीला तूच आलास, तेव्हा म्हटले, आता तोंडाने सांगेल. गणपतीसमोर टांगायची फळापानांची माटोळी तू बांधलीस, बाबांसारखी, एक एक फळ निरखून. आणि शिडीवरूनच मला हाक मारलीस, "अक्का, भाताची दोन ताटे आण गे, बाबा बांधायचे." मी आणली. कुठून आणली? तुला विचारावेसेही वाटले नाही. मी अंगणात पाय धूत होते आणि मला हसू येत होते आणि हसता हसता रडू आले. स्नेहाला वाटले डोळ्यांत धूर गेला.

जेवताना भात तीनदा मागून घेतलास. "आपल्या तांदळाची चव तिथे मिळत नाही," म्हणालास. बरोबर आहे. तिथे तू पिकवत नाहीस ना.

गणपती पोचवून आलो आणि मेजावरची पाने उचलायच्या आत तू त्या पडीक जमिनीचा, माझ्या संमतीचा कागद काढलास. "अक्का, इथे नुसती सही कर." मी म्हटले, माझा चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या डोक्यावर होता. तू पाहिलास, स्नेहाने पाहिला, अंकिता तर माझ्या डोक्याकडेच बघत होती. कुणी काही बोलले नाही. एवढी सभ्य माणसे आपल्या घराण्यात कधीपासून झाली कोण जाणे.

मग तू मला समजावलेस. तुझे वय झाले अक्का, गुडघे गेले, आमच्या इमारतीत खाली एक खोली घेऊ तुझ्यासाठी. मी विचारले, जनेलातून काय दिसते? तू कागद सरळ करू लागलास. अंकिता म्हणाली, "पार्किंग." देव तिचे भले करो, एकटी तरी खरे बोलली. आणि शेवटी तू म्हणालास, "शेतात आहे काय आता? तू हौस म्हणून करतेस."

हौस! गोकुळा, नवरा गेल्यावर मी ह्या घरात परत आले तेव्हा मला कुणी "जा" म्हटले नाही, हे खरे. "राहा" असेही कुणी म्हटले नाही. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "तरवा काढूक येतंस मगे?" मी भाताची रोपे उपटायला गेले. तेव्हापासून मी ह्या घरात आहे ती त्या शेताच्या जोरावर आहे. सकाळी उठून मी कुठे जाते हे गावाला ठाऊक आहे, म्हणून मी कोण हे गावाला ठाऊक आहे. ज्या दिवशी शेत जाईल त्या दिवशी मी पाहुणी. तुझ्याकडेही पाहुणी आणि इथेही. हे मला तोंडावर सांगता आले नाही, कारण तू कागदावर बोट ठेवून बसला होतास.

सबसिडीबद्दल मी कधी शब्द काढला? परसाल गव्यांनी अर्धे भात तुडवले. मी पंचांकडे फिरले, वनखात्याच्या माणसाला गव्यांची पावले दाखवली. भरपाई आली तुझ्या खात्यात. स्नेहाने त्यातून सोफ्याला कव्हरे घेतली. तूच हसत सांगितलेस, "अक्का, गव्यांनी आम्हाला कव्हरे दिली!" मीही हसले. मला वाटले, असू दे, भावाच्या घरात चार छान वस्तू असू देत. खरेच तसे वाटले होते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी कृषी कचेरीची मुलगी आली, तनया. सबसिडी घेणाऱ्यांची पिके बघत गावोगाव फिरते. मडगावची आहे, नवीनच लागली आहे, चिखलात चालायची सवय नाही, पण येते बिचारी. तिने मोबाइल काढला. मी आपली बांधावरून दूर झाले, तर म्हणते, "आजी, कुठे चाललात? मध्ये उभ्या राहा. शेतात माणूस दिसला पाहिजे."

आणि तेव्हा मला मे महिना कळला.

त्या दिवशीही मी तुझ्या मागे मागे शेतात आले होते. तू फोटो काढत होतास आणि मी विचारले, "मी मध्ये येते काय रे?" तू म्हणालास, "हो अक्का, जरा बाजूला हो." मी बाजूला झाले. पदर सावरून, चटकन, तुझा फोटो बिघडू नये म्हणून. मे महिन्यात आपल्या मळ्यात पाणी नसते, कुणाच्याही शेतात गवताची काडी नसते, हे शेंबडे पोर सांगेल. पण पणजीला कोण बघणार? सुकी ढेकळे आणि माणूस नाही, झाली पडीक जमीन. मला त्या जमिनीचे लागले नाही इतके त्या "बाजूला हो" चे लागले. अजून लागते. भाकरी थापताना, काही कारण नसताना, कानात येते.

तनयाने विचारले, "कार्डावर गोकुळदास आहेत. शेत खरे कोण कसते?" मी काय सांगितले असेल? "भाऊच कसतो. मी आपली मदतीला." आयुष्यभर उन्हात काढले आणि एका वाक्यात तुझ्या नावावर करून टाकले. कारण खरे सांगितले असते तर तुझी सबसिडी थांबली असती आणि वर तुला कचेरीत जाब द्यावा लागला असता. पोरीने माझ्या पायांकडे पाहिले, मग तोंडाकडे पाहिले, आणि लिहून घेतले.

एवढे केले मी तुझ्यासाठी, तुझा कागद पाहिल्यावर. तू माझ्यासाठी एक ओळ लिहिली नाहीस.

कागद इथेच आहे. सही केलेली नाही.

अक्का


इब्रामपूर
२० सप्टेंबर

चि. गोकुळदास यास,

हे नव्याचे बोलावणे आहे. येत्या रविवारी नवें. बाबा असताना बाहेरगावच्या घरच्या माणसाला हे बोलावणे पत्रानेच जायचे, मुंबईच्या काकांनाही जायचे, ते येत नसत तरी. तो रिवाज मी मोडलेला नाही.

बुधवारी तुझा फोन आला. कितीतरी महिन्यांनी तू फोन स्नेहाकडे न देता माझ्याशी बोललास. मला पहिल्यांदा वाटले, माझे पत्र पोचले, ह्याला काही वाटले असेल. तू म्हणालास, "अक्का, ह्या वर्षी नव्याची कणसे दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातून घ्यायला सांग. मला यायला जमणार नाही." पत्राबद्दल एक अक्षर नाही. पण आवाज घाबरलेला होता. मी तुला लहानपणापासून ओळखते, चिंचा चोरून आलास की तुझा आवाज असाच व्हायचा. म्हणजे तुझ्या लक्षात आले. जरा उशिरा आले, पण आले.

तनयाला आपले नवें ठाऊक नव्हते. परवा पुन्हा आली होती, कुळथाची पिठी आणि भात जेवून गेली. तिला मी सगळे सांगितले. की गावातली पहिली कणसे आपल्या शेतातून जातात, पणज्याच्या वेळेपासून. ढोल-ताशे मळ्यात येतात, सगळा गाव बांधावर उभा राहतो, आणि कणसे कापायचा मान आमच्या घरच्या पुरुषाचा. बाई वर्षभर राबली तरी त्या दिवशी आरती घेऊन मागे. मग कणसे देवळात सातेरीच्या पायांशी, आणि तिथून घरोघर, आंब्याच्या पानात बांधून दाराला. तिला फार आवडले. "आजी, मी येऊ? फोटो काढीन," म्हणाली. मी म्हटले, ये की गे, नक्की ये. तिच्या मोबाइलात तारीख, वेळ आणि जागा आपोआप उमटते, तिनेच दाखवले.

पुन्हा एकदा तिने विचारले, शेत कोण कसते. मी सांगितले, रविवारी सांगते. खोटे एकदा बोलले, दुसऱ्यांदा माझ्याने होत नाही.

तुझा निरोप मी सगुण गुरवाला सांगितला, जसाच्या तसा. माझ्याकडून त्यात मीठमसाला नाही. तो पायरीवर बसून फुले निवडत होता. म्हणाला, "बाय, मान असो फोनार दुसऱ्याक दिवक येणा नाय." मग त्याने रीत सांगितली, ती मलाही ठाऊक नव्हती. म्हणे आपल्या आजोबांच्या वेळी एकदा नदी मळ्यात शिरली आणि सगळे भात कुजले. तेव्हा आजोबा स्वतः देवळात गेले, ओल्या पंच्याने देवीसमोर उभे राहिले आणि गावादेखत म्हणाले, "आई, औंदा माझ्या शेतात काय पिकला नाय." मग गुरवाने गाऱ्हाणे घातले, लोकांनी "व्हय महाराजा" म्हटले, आणि त्या वर्षीची कणसे दुसऱ्या शेतातून गेली. मान सोडायचा असेल तर ही एकच वाट. मानकऱ्याने यायचे आणि आपल्या तोंडाने सांगायचे.

"गोकुळदास येतलो मगे?" सगुणने विचारले. मी म्हटले, बोलावणे धाडते.

तर ये बाबा. लांब नाही, म्हापशापर्यंत बस आणि तिथून पुढे दुसरी. गाडी आणलीस तर देवळाकडेच ठेव, मळ्याचा रस्ता खचला आहे. स्नेहाला आण, अंकिताला तर आणच. शेत बघून डोळे निवतील तिचे. औंदा गवे आले नाहीत, पाऊस वेळेवर झाला, कणसे भरून वाकली आहेत. लहान होतास तेव्हा कच्ची कणसे चोखायचास, ओठांवर ते पांढरे दूध तसेच ठेवून घरी यायचास आणि "मी नाही खाल्ली" म्हणायचास. आई हसायची. मी तुझे तोंड पुसायची. आता तुझे तोंड पुसायला मी येणार नाही गोकुळा, हे मात्र समजून ये.

तुला दोन गोष्टींतली एक करायची आहे, आणि दोन्ही मला मान्य आहेत. विळा घेऊन शेतात उतर आणि बाबांसारखी पहिली कणसे काप. सगुण गाऱ्हाणे घालील, "ह्या घराण्यान आपल्या हातान पिकवलेला नवा कणीस तुझ्या पायाकडे वाहिला हा, आई, गोड मानून घे." तेवढे खाली मान घालून ऐक, आणि घरी आल्यावर तो कागद आपल्या हाताने चुलीत घाल. पणजीच्या कचेरीत काय सांगायचे ते तू बघ, तुझी सगळी नोकरी असल्याच कागदांत गेली. कृषी कार्डावर माझे नाव चढव. बाकी मला काही नको, कव्हरेसुद्धा नकोत.

नाहीतर देवीसमोर उभा राहा. एका बाजूला तनया, दुसऱ्या बाजूला श्रीनाथ, मध्ये गाव, आणि दारातून मळा दिसतो आहे, पिवळा, भरलेला. आणि मोठ्याने सांग, "आई, पाच वर्षे माझ्या शेतात काही पिकले नाही." कागदावर लिहिलेच आहेस, तेवढेच वाचून दाखवायचे. गावाने "व्हय महाराजा" म्हटले, तर मी तिथेच, त्याच पायरीवर बसून सही करते. बाजूला व्हायला सांगावे लागणार नाही.

चष्मा डोक्यावरच असेल. पेन आणू नकोस, माझ्याकडे आहे.

तुझ्या पडीक शेतातून,
अक्का